छद्मकंप्रता
कालश्रेणीच्या वर्णपटीय विश्लेषणातील एक विकृती. समान कालांतराने निरीक्षणे घेतली असता, नमुना-कंप्रतेच्या निम्म्याहून, म्हणजे नायक्विस्ट मर्यादेहून, शीघ्र असलेली कंपने लुप्त न होता त्या मर्यादेच्या आत दुमडली जाऊन मंद कंपनांचे रूप धारण करतात. आणि गोंगाटाची शक्तीही याच रीतीने आत उतरत असल्यामुळे वर्णपटाची तळपातळी उंचावून दुर्बल शिखरे तीत बुडून जातात. १९९२ साली प्रक्षेपित झालेला टोपेक्स-पोसायडन उपग्रह सागरपृष्ठाच्या त्याच स्थळावर सुमारे ९.९ दिवसांनी परतत असल्याने १२.४२ तासांची चांद्र भरती-ओहोटी त्याच्या दप्तरी सुमारे ६२ दिवसांच्या आवर्तनाने दाखल होई. नमुने घेण्यापूर्वीच शीघ्र कंपने गाळणे हा यावरचा रूढ इलाज. तो उपग्रहास असाध्य असल्यामुळे, भरतीची छद्मरूपे वार्षिक आवर्तनात मिसळणार नाहीत, अशी कक्षाच मुक्रर करण्यात आली.