चोरबीटी, राहीबाई आणि पिशवीवरची एक ओळ

मे संपत आला की कापूस पट्ट्यात एकच कुजबूज सुरू होते, चोरबीटी आली का? म्हणजे तणनाशक मारलं तरी न जळणारी कपाशी. पाकीट मिळतं, पावती मिळत नाही. उगवलं नाही तर तक्रार कुठे करणार? कागदोपत्री ते बियाणं तुम्ही घेतलेलंच नसतं.

हा चोरीचा मामला जुना आहे मंडळी. बीटी कपाशीला दिल्लीने परवानगी दिली मार्च २००२ मध्ये. पण २००१ सालीच गुजरातमध्ये 'नवभारत १५१' या वाणात बीटीचं जनुक सापडलं होतं. उभं पीक उपटून जाळा, असा आदेश निघाला. शरद जोशी शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. बराचसा कापूस तोवर वेचून बाजारात गेलाही होता. पुढे पाच महिन्यांत परवानगी आली. आधी पेरा, मग कायदा, ही आपली रीत तिथूनच पडली.

वांग्याचं उलट झालं. २००९ मध्ये तज्ज्ञ समितीने बीटी वांग्याला हिरवा कंदील दिला आणि ९ फेब्रुवारी २०१० ला जयराम रमेश यांनी स्थगिती दिली. ती अजून उठलेली नाही.

मग १० जून २०१९. अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेने बंदी असलेली कपाशी जाहीरपणे पेरली. कायद्यात पाच वर्षं कैद आणि एक लाख दंड होता, तरी पेरली. संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष अनिल घनवट आपल्या श्रीगोंद्याचे. आणि याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्यात, राहीबाई पोपेरे गावरान वाणांची बियाणं जपत बसलेल्या. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. खुरपणीची मजुरी मोजणाऱ्याला घनवट पटतात, दरवर्षी पाकीट विकत घेऊन कंटाळलेल्याला राहीबाई. मला दोघंही अर्धे अर्धे पटतात, खोटं कशाला बोलू.

आता नवी गोष्ट आली आहे, जनुक संपादन. यात बाहेरचं जनुक राहत नाही, पिकाच्या स्वतःच्याच जनुकात बारीक बदल करतात. युरोपात २०१८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, हेही जीएमच, तेच कडक नियम लावा. पाच वर्षं भांडण चाललं. जुलै २०२३ मध्ये युरोपीय आयोगाने सवलतीचा प्रस्ताव आणला: वीसपर्यंत बदल असलेलं रोप साध्या वाणासारखं धरायचं. पण त्यातच एक अट घातली, बियाण्याच्या पिशवीवर तसं छापायचं. सेंद्रिय शेतीत मात्र ते चालणार नाही.

आपण तर युरोपाच्याही आधी सूट देऊन मोकळे झालो. ३० मार्च २०२२ ला, पर्यावरण मंत्रालयाच्या एका कार्यालयीन ज्ञापनाने. मे २०२५ मध्ये असे दोन भात वाण जाहीरही झाले. सूट द्यायला माझा विरोध नाही. चोरबीटीपेक्षा परवानगीचं, पावतीचं बियाणं कधीही बरं.

पण बीटी निदान तपासून ओळखता येतं. हे बियाणं प्रयोगशाळेतही ओळखणं अवघड. मग सेंद्रियवाल्याला, अकोल्यात वाण जपणाऱ्या बायांना कळणार कसं? युरोपातला शेतकरी त्या एका ओळीसाठी भांडला. आपल्याकडे कृषी खात्याच्या खरीप आढावा बैठकीत कुणी विचारलं का, पिशवीवर काय छापणार?