वहाणा मागायला आलेला नवरा

पेटार ब्लागोयेविच हा सर्बियातल्या किसिल्येव्हो खेड्यातला साधा गावकरी. १७२५ साली तो वारला, रीतीप्रमाणे त्याला पुरलं, आणि पुढे आठ दिवसांत गावातली नऊ माणसं दगावली. पेटार रात्री येतो, अंगावर बसतो, गळा आवळतो, असं मरणाऱ्यांनी सांगितलं. त्याच्या बायकोची हकिगत मात्र निराळी होती. तिच्याकडे तो आला आणि आपल्या वहाणा मागू लागला. बाई घाबरली आणि गाव सोडून गेली.

अमेरिकेतल्या पुस्तकांच्या दुकानात आज ‘पॅरानॉर्मल रोमान्स’ नावाचं कपाट असतं. लहानसं गाव, तिथली साधी मुलगी आणि तिच्यावर जीव जडलेला, शेकडो वर्षं न मेलेला देखणा पुरुष, असा त्यातला ठरलेला मामला. या घराण्याचा मूळ पुरुष शोधायला निघालं, की वाट ट्रान्सिल्व्हानियाच्या किल्ल्यात थांबत नाही. ती किसिल्येव्होच्या त्या दारापर्यंत जाते.

खेड्यातलं भूत कागदावर आलं ते राजकारणामुळे. १७१८च्या तहानं उत्तर सर्बिया ऑस्ट्रियाच्या ताब्यात गेला होता. थडगं उकरायचं तर वरून परवानगी आणावी लागेल, असं तिथला अंमलदार म्हणाला. तोवर गाव ओस पडेल, आम्ही थांबणार नाही, असं गावकऱ्यांनी बजावलं. अखेर त्याच्यासमोर थडगं उघडलं, प्रेताच्या छातीत खुंटी ठोकली, प्रेत जाळलं. त्यानं वरिष्ठांना धाडलेला अहवाल व्हिएन्नाच्या वर्तमानपत्रात छापून आला. १७३२मध्ये मेद्वेजा गावातल्या अशाच प्रकरणावर लष्करी शल्यवैद्यानं अहवाल लिहिला. त्याची चर्चा युरोपभर झाली आणि ‘व्हॅम्पायर’ हा शब्द इंग्रजी वृत्तपत्रांत पोचला.

साहित्यात शिरताना मात्र या भुतानं जात बदलली. तांबोरा ज्वालामुखीच्या राखेनं १८१६चा उन्हाळा झाकोळला होता. जिनिव्हा सरोवराकाठी कवी बायरन आणि त्याची मंडळी पावसामुळे घरात अडकली आणि भुताच्या गोष्टी रचू लागली. बायरनचा डॉक्टर जॉन पोलिडोरी याची गोष्ट १८१९मध्ये छापली गेली. तिच्यातला व्हॅम्पायर थेट लॉर्ड होता. शेतकऱ्याच्या प्रेताला सरदाराचा अंगरखा मिळाला, त्यासोबत अदब आली, पैसा आला आणि बायकांना भुरळ पाडणारी नजरही. १८९७च्या ‘ड्रॅक्युला’नं या सरदाराला कायमचा किल्ला बांधून दिला.

त्याला पुन्हा गावात आणलं ते दुपारच्या मालिकेनं. ‘डार्क शॅडोज’ १९६६ साली अमेरिकेत सुरू झाली. मेन राज्यातलं कॉलिन्सपोर्ट हे कल्पित मासेमारी गाव तिची पार्श्वभूमी. प्रेक्षक मिळेनात म्हणून एप्रिल १९६७मध्ये बार्नाबस कॉलिन्स नावाचा व्हॅम्पायर शवपेटीतून काढला. थोडे दिवस भीती दाखवून त्याला संपवायचा बेत होता. पण गमावलेल्या प्रेयसीचा चेहरा गावातल्या मुलीत शोधणारा हा दुखावलेला माणूस लोकांना आवडला, आणि मालिका १९७१मध्ये संपेपर्यंत तो टिकला. भिववायला आणलेला पाहुणा घरचा जावई झाला म्हणायचा!

गावच का लागतं, याचं नेमकं उत्तर शार्लेन हॅरिस यांच्या २००१च्या ‘डेड अनटिल डार्क’ या कादंबरीत सापडतं. लुइझियानातल्या बाँ ताँ या कल्पित गावात सूकी बारमध्ये टेबलं सांभाळते. तिला प्रत्येकाच्या मनातलं ऐकू येतं. गिऱ्हाइकाची हाव, शेजारणीचा मत्सर, कशापासून सुटका नाही. व्हॅम्पायर बिल समोर येतो आणि प्रथमच तिला शांतता लाभते, कारण त्याच्या मनातलं तिला ऐकूच येत नाही. लहान गावात वाढलेल्या कुणालाही ही सुटका समजेल. सगळ्यांना सगळं ठाऊक असलेल्या जागी, ज्याचं काहीच ठाऊक नाही त्याच्यावर मन बसतं. शहरात असा अनोळखी माणूस गर्दीत हरवला असता.

स्टेफनी मेयर यांनी २००५च्या ‘ट्वायलाइट’साठी खरंखुरं गाव घेतलं. उन्हात वेगळे उठून दिसणारे व्हॅम्पायर लोकांत उघड वावरायचे तर सतत ढग हवेत. ॲरिझोनाच्या उन्हात राहणाऱ्या मेयर यांनी देशातली सर्वाधिक पावसाची जागा शोधली आणि वॉशिंग्टन राज्यातलं फोर्क्स निवडलं. लाकूडतोडीवर जगणारं हे गाव ठिपकेदार घुबडाच्या संरक्षणासाठी १९९०नंतर जंगलतोडीवर बंधनं आल्यावर आणखी खचलं होतं. आता तिथे नायिकेच्या वाढदिवसाच्या सुमारास, सप्टेंबरात, उत्सव भरतो. जवळच्या ला पुश इथल्या क्विल्यूट लोकांची आपण लांडग्यांपासून झालो अशी उत्पत्तिकथा आहे. कादंबरीनं त्यांना न विचारता त्यावरून नरलांडगे बेतले. गावाला पर्यटक मिळाले, पण ज्यांच्या पूर्वजांची गोष्ट वापरली त्यांना कुणी विचारलं नाही. या घराण्यातला हा डाग झाकू नये.

या वंशावळीत आपलंही नाव घुसडलं गेलंय. १८७०मध्ये रिचर्ड बर्टननं वेताळपंचविशीतल्या गोष्टी इंग्रजीत नेल्या आणि शीर्षकातच आपल्या वेताळाला ‘व्हॅम्पायर’ केलं. ही सोयरीक चुकीची आहे. वेताळ प्रेतात शिरतो खरा, पण कोकणात आणि गोव्यात तो गावाचा राखणदार आहे. सिंधुदुर्गातल्या आरवलीचा वेतोबा रात्री गावाची फेरी मारतो, अशी श्रद्धा आहे. चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात. म्हणून भाविक त्याला नवस फेडताना भल्यामोठ्या चामडी वहाणांचा नवा जोड आणून वाहतात.