सहा मिलिमीटरचा जोड

२७ मार्च १९८० च्या संध्याकाळी उत्तर समुद्रातील एकोफिस्क तेलक्षेत्रात 'अलेक्झांडर किलँड' हा नॉर्वेचा तरंगता फलाट उलटला. तेल कामगारांचे ते वसतिस्थान होते. त्यावरील २१२ माणसांपैकी १२३ दगावली. फलाटाचे पाच खांब पोलादी नळ्यांनी एकमेकांशी जोडलेले होते. त्यांतली एक नळी तुटली, तिचा भार शेजारच्या नळ्यांवर पडून त्याही तुटल्या आणि एक अख्खा खांब निखळला. मग वीसेक मिनिटांत सारे संपले.

वादळ होते खरे, पण उत्तर समुद्रात ते नित्याचेच. चौकशीत सापडलेले कारण अगदी किरकोळ वाटावे असे होते. तुटलेली नळी २.६ मीटर व्यासाची. पाण्यातील आवाज टिपणारे उपकरण बसवण्यासाठी तिला भोक पाडून एक आखूड नळी वेल्ड केली होती. वेल्डची जाडी जेमतेम ६ मिलिमीटर. मुख्य सांध्यांची गणिते काळजीपूर्वक झाली. हे मात्र वरचे फुटकळ काम समजले गेले. तिथल्या भेगेत रंग आढळला. म्हणजे १९७६ साली फलाट बांधून झाला तेव्हाच तडा गेलेला होता!

एवढ्याशा भोकाने काय होते? ताणलेल्या रुंद पत्र्यातील गोल भोकाच्या काठावर प्रतिबल तिप्पट होते, हे जर्मन अभियंता कीर्श याने १८९८ मध्येच दाखवले होते. भोकात वेल्ड केलेली नळी त्यातला काही भार उचलते. वेल्ड सुटला की काठ एकटा पडतो. शिवाय समुद्र कधी थांबत नाही. दर सहा सेकंदांना एक लाट धरली तरी वर्षाला पन्नास लाखांवर हेलकावे होतात. (हा हिशेब वर्गात जरूर करून घ्यावा.) तार पुनःपुन्हा वाकवून आपण तोडतो, तसेच हे, फक्त वेळ अधिक लागतो.

म्हणूनच सांधा बळकट करायचा म्हणजे तिथले प्रतिबल उतरवायचे. ते निम्मे झाले की वेल्डचे आयुष्य साधारण आठपट होते. यासाठी जिथे नळ्या मिळतात तिथे मुख्य नळीचा तेवढाच तुकडा जाड पोलादाचा घेतात, आतून कडी बसवतात, वेल्डची कडा घासून गुळगुळीत करतात. समुद्रात उभ्या असलेल्या जुन्या फलाटाचा सांधा बदलता येत नाही. तिथे मुख्य नळीत सिमेंटचा राडा भरतात किंवा सांध्याभोवती दोन अर्धुके आवळून मधली फट सिमेंटने भरतात. मुंबई हायच्या फलाटांचे पायही अशाच वेल्ड केलेल्या नळ्यांचे आहेत.