हरिश्चंद्राच्या कारखान्याचा नासिकचा अध्याय

धुंडिराज गोविंद फाळके हे नाव गोदाकाठच्या श्रोत्यांस नवे नाही. त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी आपल्या त्र्यंबकेश्वरी झाला. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. १९६९ सालापासून त्यांच्या नावाने देशाचा मोठा चित्रपट-पुरस्कार दिला जातो. परंतु स्मारक उभे राहिले की माणसाचा हिशेब मिटला, असे समजण्याची आपल्याला खोड आहे. आम्ही कामगार-चळवळीत हयात घालविलेली माणसे. हिशेब अर्धा टाकून उठणे आम्हांस जमत नाही.

पूर्वार्ध सर्वांस ठाऊक आहे. चाळिशी गाठलेला, चालता छापखाना सोडून आलेला हा गृहस्थ गिरगावात ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहतो काय, आणि पिसाटतो काय! रात्रंदिवस पडद्याकडे पाहून त्याची दृष्टी काही काळ गेली. विम्याची पॉलिसी गहाण पडली. १९१२ साली तो विलायतेस जाऊन कॅमेरा घेऊन आला, आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. सिनेमात काम करणे म्हणजे अब्रू घालविणे, अशी तेव्हाची समजूत. म्हणून घरी ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे’ असे सांगा, अशी नटांना ताकीद होती. परेश मोकाशी यांनी २००९ साली यावरच ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा चित्रपट काढला. एका माणसाच्या वेडाची कथा त्यात हसत हसत सांगितली आहे, आणि ती यशाच्या ऐन भरात थांबते. पुढचा अध्याय नासिकचा आहे, आणि तो हसण्यासारखा नाही.

तत्पूर्वी या फॅक्टरीच्या मस्टरकडे पाहू. राणी तारामतीचे काम करावयास स्त्री मिळेना, म्हणून ग्रँट रोडच्या खाणावळीतील आचारी अण्णा साळुंके यांना लुगडे नेसविले. तेथे दहा रुपये मिळत, येथे पंधरा ठरले, असे सांगतात. म्हणजे वेडाच्या या कारखान्यात पगारवाढ होती! सरस्वतीबाई फाळके यांचे नाव मात्र कुठल्याच पगारपत्रकावर नसावे. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्यांनी करावा, उन्हात पांढऱ्या चादरी धरून प्रकाश वळवावा, आणि रात्री अंधारात कोऱ्या फिल्मला हाताने भोके पाडावीत. १९११ च्या फॅक्टरी कायद्याने कापडगिरणीतील पुरुषाचा दिवस बारा तासांचा ठरविला होता. या बाईंच्या कारखान्याकडे कुठला इन्स्पेक्टर फिरकणार? पुढे पैसा आटला तेव्हा त्यांचे दागिनेही धंद्यात गेले.

१९१३ साली फाळके नासिकला आले आणि येथे ‘मोहिनी भस्मासुर’ काढला. दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई यांच्या रूपाने पडद्यावर प्रथमच बायका आल्या. मिळालेला वर आपल्याच डोक्यावर हात ठेवावयास लावतो, ही ती कथा. हा विषय त्यांनीच निवडावा, याची मौज वाटते. महायुद्धात कर्ज मिळेना. तरी १९१७ च्या ‘लंकादहना’ने पैशाचा पाऊस पाडला, नाण्यांच्या थैल्या बैलगाडीतून न्याव्या लागल्या, अशी आख्यायिका आहे. राम आणि सीता दोन्ही साळुंकेच!

पैसा दिसताच पैसेवाले आले. १९१८ साली मुंबईच्या भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी नासिकला निघाली. भागीदारांना खर्चाला आळा हवा होता, फाळक्यांना चित्र मनासारखे हवे होते. १९१९ साली ते बाहेर पडून काशीस गेले आणि तेथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. ते चालले नाही. १९२२ साली ते परतले, त्याच कंपनीत. दोष भांडवलाचा, असे म्हणणे आमच्या तोंडी सोपे आहे. पण आमच्या मते गोष्ट इतकी सरळ नाही. लिहिणे, चित्रण, रंगभूषा, धुलाई, जुळणी या सर्वांवर एकाच माणसाचा हात असेल, तर तो कारागीर मोठा असतो, कारखानदार नव्हे. हात खाली ठेवणे फाळक्यांना कधी साधले नाही.

तोवर काळ पुढे गेला होता. १९३१ साली ‘आलम आरा’ बोलू लागली. १९३२ चा ‘सेतुबंधन’ मुका निघाला आणि मागाहून त्याला आवाज चिकटवावा लागला. कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी १९३७ साली ‘गंगावतरण’ हा बोलपट काढला, तेव्हा वय सदुसष्ट. तो पडला. मग नासिक, आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी येथेच मृत्यू.

सिनेमा-कामगारांच्या नोकरीच्या अटींचा कायदा या देशात १९८१ साली झाला. फाळक्यांनी काढलेल्या शंभराच्या आसपास चित्रपटांतून मोजकीच रिळे उरली, ती पुण्याच्या चित्रपट-संग्रहालयात आहेत. ‘काळिया मर्दन’ बराचसा शाबूत आहे. त्यातला कृष्ण म्हणजे त्यांची मुलगी मंदाकिनी. तिलाही पगार मिळाला नसावा, असा आमचा तर्क आहे.