एक धोरण, अनेक व्यवस्था : यवतमाळ जिल्ह्यातील ग्रामविकासाची सत्तारचना

सामूहिक विकास योजनेचा आरंभ भारतात २ ऑक्टोबर १९५२ रोजी ५५ प्रकल्पांनी झाला. पुढील वर्षी पाकिस्ताननेही त्याच धर्तीची योजना हाती घेतली. दोन्ही देशांस अमेरिकेचे साहाय्य होते आणि दोन्हींची भिस्त बहुउद्देशी ग्रामसेवकावर होती. तथापि सात वर्षांतच त्यांच्या वाटा भिन्न झाल्या. ऑक्टोबर १९५९ या एकाच महिन्यात राजस्थानातील नागौर येथे पंचायत राज्याचे उद्घाटन झाले आणि पाकिस्तानात अयूबखान यांनी ‘मूलभूत लोकशाही’चा हुकूम काढला. तेथे जिल्हा मंडळाचे अध्यक्षपद डेप्युटी कमिशनरकडेच राहिले.

असा भेद केवळ दोन राष्ट्रांतच पडला असे नव्हे. बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये त्रिस्तरीय रचना सुचविली. तीत कार्यवाहीची मुख्य सत्ता विकास गटाच्या पंचायत समितीकडे होती. जिल्हा परिषदेकडे देखरेख व समन्वय, आणि तिच्या अध्यक्षस्थानी कलेक्टर. राजस्थानने पंचायत समितीस प्राधान्य दिले. मद्रास राज्याने ‘पंचायत युनियन’ स्थापून जिल्ह्याच्या विकास मंडळावर कलेक्टर अध्यक्ष ठेवला. महाराष्ट्राने मात्र सत्तेचा भार जिल्ह्यावर टाकला.

या फरकाचा अर्थ यवतमाळ जिल्ह्यात विशेष स्पष्ट होतो. कारण स्थानिक सत्तेच्या दोन भिन्न कल्पना या एकाच भूमीवर लागोपाठ राबविल्या गेल्या. वऱ्हाडचा हा जिल्हा मध्यप्रांतात असताना १९४८ च्या कायद्याने जिल्हा कौन्सिलांच्या जागी जनपद सभा आल्या. सत्तेचा घटक तहसील ठरला व सभेचा कारभार मुलकी अधिकाऱ्याच्या हाती राहिला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्या राज्याच्या जुन्या भागात जिल्हा लोकल बोर्डांची परंपरा होती. विदर्भात जनपद सभाच चालू राहिल्या. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. चार वर्षांत जिल्ह्याने तीन राज्ये पाहिली.

या विसंगतीचा निरास करण्याचे काम १९६० मध्ये महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे आले. नाईक हे पुसद तहसिलीतील गहुलीचे. १९५२ पासून ते मध्यप्रदेश विधानसभेत पुसदचे प्रतिनिधी होते. समितीने १९६१ मध्ये असे प्रतिपादिले की, पुरेशी साधनसंपत्ती व तज्ज्ञ सेवकवर्ग पुरवू शकेल असा घटक जिल्हा हाच होय. तदनुसार १९६१ चा अधिनियम होऊन १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कार्य करू लागल्या व जनपद सभा संपुष्टात आल्या. कलेक्टरला परिषदेबाहेर ठेवून मुख्य कार्यकारी अधिकारी हे स्वतंत्र पद निर्मिले गेले. मेहता समितीच्या शिफारशीपासूनचे हे सर्वांत मोठे अंतर म्हणावे लागेल.

येथे परिभाषेचा प्रश्न उद्भवतो. ‘पंचायत समिती’ व ‘जिल्हा परिषद’ हे शब्द राजस्थानात व महाराष्ट्रात सारखेच. परंतु एकीकडे पहिली संस्था कर्ती व दुसरी सल्लागार, तर दुसरीकडे दुसरी कर्ती व पहिली तिचे अंग. केवळ संज्ञासाम्यावरून तुलना करणारा अभ्यासक फसण्याचा संभव येथे मोठा आहे.

महाराष्ट्राच्या निर्णयाने लाभ झाला तसे मोलही द्यावे लागले. शिक्षण, आरोग्य, शेती व बांधकाम ही खाती लोकनियुक्त संस्थेच्या हाती एकवटली. एकट्या तहसिलीस तज्ज्ञांचा असा ताफा पोसणे कठीण होते. परंतु वणी वा केळापूर भागातील कोलामांच्या पोडापासून निर्णयाचे स्थान दूर गेले, हेही नाकारता येत नाही. १९७८ मध्ये अशोक मेहता समितीने जिल्ह्यासच विकेंद्रीकरणाचा पहिला घटक मानून महाराष्ट्राच्या निवडीस एक प्रकारे दुजोरा दिला. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने रचनेची चौकट सर्वत्र एकसारखी केली. अधिकार किती द्यावयाचे हे मात्र राज्यांच्याच हाती राहिले. पुढे २००६ मध्ये शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी ग्रस्त अशा विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी मदतयोजना जाहीर केली. त्यांत यवतमाळ होते. संकट गावचे, उपाय मात्र दिल्लीहून योजलेला, असे चित्र दिसले.

म्हणून ग्रामविकास धोरणाच्या तुलनात्मक अभ्यासात संस्थेच्या नावापेक्षा तीन गोष्टी आधी तपासावयास हव्यात : पैसा कोणाकडे येतो, नोकरवर्ग कोणास उत्तरदायी असतो आणि निर्णय कोणत्या पायरीवर होतो. धोरण समान असूनही फलित भिन्न का, याचे उत्तर या तिहींच्या मांडणीतच शोधावे लागते.