रेशमाच्या धाग्यावर कोबी

6 जून 1822. ह्युरॉन सरोवरातलं मॅकिनॉ बेट. अमेरिकन फर कंपनीच्या दुकानात तुम्ही उभे आहात. हिवाळाभर गोळा केलेली कातडी घेऊन आलेल्या माणसांची झुंबड उडालीय. एवढ्यात कुणाची तरी बंदूक चुकून उडते आणि दोन-तीन फुटांवर उभा असलेला एक तरणा पोरगा कोसळतो. अलेक्सी सेंट मार्टिन, कॅनडातला फ्रेंच भाषिक, होड्यांमधून माल वाहणारा हमाल. डाव्या छातीखाली तळहाताएवढी जखम झालीय. फुप्फुसाचा तुकडा बाहेर आलाय, जठर फाटलंय आणि त्यातून सकाळची न्याहारी सांडतेय.

बेटावरच्या किल्ल्यातला लष्करी सर्जन विल्यम बोमाँट अर्ध्या तासात येतो. जखम पाहतो आणि हा काही वाचत नाही, असं सांगून टाकतो. तो वाचणार आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण पाहुण्यानं इथं फक्त बघायचं, बोलायचं नाही.

सुरुवातीला अलेक्सी जे खाईल ते जखमेतून बाहेर येतं, म्हणून पोषण गुदमार्गानं दिलं जातं. महिने जातात. जठराच्या फाटलेल्या कडा जखमेच्या कडांना चिकटून भरतात, पण भोक काही बुजत नाही. पुढे जठराच्या अस्तराचीच एक घडी आतून झडपेसारखी वाढते. बोटानं ढकलली की उघडते, सोडली की मिटते. गावानं त्याला निराधार ठरवून परत धाडायचं ठरवल्यावर बोमाँटच त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतो.

आता ऑगस्ट 1825 मध्ये या. फोर्ट नायगारा. अलेक्सी आडवा पडलाय. बोमाँट झडप बाजूला सारतो. वाका, बघा. फिकट गुलाबी, मखमली, घड्या पडलेलं अस्तर दिसतंय. रिकाम्या जठराच्या अस्तराला डॉक्टर चक्क जीभ लावून बघतो. आंबट लागत नाही. मग अस्तराला अन्नाचा स्पर्श होतो आणि कपाळावर घाम फुटावा तसे पारदर्शक थेंब उमटू लागतात. आता चव आंबट असते.

1 ऑगस्टला दुपारी बारा वाजता तो रेशमाच्या धाग्याला मसालेदार गोमांस, कच्चं खारवलेलं डुकराचं मांस, कच्चं आणि उकडलेलं खारवलेलं गोमांस, शिळा पाव आणि कच्चा कोबी असे छोटे तुकडे बांधतो आणि भोकातून आत सोडतो. एक वाजता धागा ओढतो. कोबी आणि पाव निम्मे झालेत, मांस जसंच्या तसं. दोन वाजता कोबी, पाव, डुकराचं मांस, उकडलेलं गोमांस, चारही नाहीसे. तो टिपून घेतो, पचलं.

इथं तुमच्या तोंडाशी शब्द येतात. अहो डॉक्टर, कोबी पचला नाही, धाग्यावरून सुटला! त्यातला तंतू माणसाच्या कुठल्याच पाचकरसाला विरघळत नाही. त्यावर जी काही प्रक्रिया व्हायची ती मोठ्या आतड्यातले जीवाणू करणार. पावातल्या पिठूळ भागावर तर पहिलं काम तोंडातल्या लाळेचं, आणि हा पाव तोंडात गेलाच नाही. पण तुम्ही गप्प राहता.

धागा पुन्हा आत जातो. संध्याकाळपर्यंत अलेक्सीच्या छातीत कळा येतात, डोकं दुखायला लागतं. दुसऱ्या दिवशीही दुखणं थांबत नाही आणि अस्तरावर पांढरे ठिपके दिसतात. बोमाँट पाऱ्याच्या औषधाच्या गोळ्या सरळ भोकातून आत टाकतो.

आठवडाभरानं तो आत थर्मामीटर सरकवतो. पारा 100 अंश फॅरनहाइटवर थांबतो. जठर उष्णतेनं अन्न शिजवतं, दळतं की कुजवतं, यावर विद्वान भांडताहेत. बोमाँट जठररस काढून बाटलीत भरतो, त्यात खारवलेल्या मांसाचा तुकडा टाकतो आणि बाटली तेवढ्याच कोमट पाण्यात ठेवतो. दहा तासांत बाटलीतला तुकडा विरघळतो. पोटाबाहेर, काचेत! उष्णतेची मदत लागते, पण काम रसाचं आहे. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असल्याचं पुढे प्राध्यापक डंग्लिसन सांगतील, आणि प्रथिनं तोडणारं पेप्सीन 1836 मध्ये थिओडोर श्वान शोधतील.

1825 मध्येच अलेक्सी न सांगता कॅनडात निघून जातो. लग्न करतो, त्याला मुलं होतात. 1829 मध्ये तो बायकोमुलांसह परततो आणि प्रयोग पुन्हा सुरू होतात. कधी त्याचं पित्त खवळतं. तेव्हा आत डोकावलं, तर जठरात खरोखरच पिवळं पित्त चढलेलं दिसतं आणि पचन मंदावतं. 1832 मध्ये करार होतो. राहणं, खाणं आणि वर्षाला 150 डॉलर, बदल्यात जठर डॉक्टरच्या हवाली.

1833 मध्ये बोमाँटचं पुस्तक निघतं. उकडलेला भात 1 तासात, भाजलेलं डुकराचं मांस सव्वापाच तासांत, असा तक्ता त्यात आहे. तो बहुतांशी पदार्थ जठरातून किती वेळात निघून जातो याचा आहे. खरी उलाढाल त्या भोकातून न दिसणाऱ्या लहान आतड्यात होते. तिथं पित्त चरबीचे बारीक थेंब करतं, स्वादुपिंडाचा रस प्रथिनं, पिष्ट आणि चरबी तोडतो आणि आतड्याच्या भिंतीवरची सूक्ष्म बोटं ते सगळं रक्तात आणि लसिकेत ओढून घेतात. मोठं आतडं उरलेलं पाणी शोषतं. बोमाँटला एकच खोली पाहता आली, पण ती त्यानं डोळ्यांत तेल घालून पाहिली.

1834 मध्ये अलेक्सी घरी जातो तो कायमचा. बोमाँट पत्रांवर पत्रं लिहितो, तो येत नाही. 1853 मध्ये डॉक्टर वारतो.

शेवटचा मुक्काम क्वेबेक, जून 1880. पोटाला भोक असलेला माणूस डॉक्टरनंतर 27 वर्षं जगून वारलाय. त्याचं जठर मिळावं म्हणून डॉक्टर मंडळी टपून बसलीत. घरचे प्रेत कुजेपर्यंत ठेवतात आणि मग आठ फूट खोल पुरतात, म्हणजे कुणी उकरून नेलं तरी काही हाती लागू नये. तुम्हीही याच पोटात डोकावायला इतक्या लांबून आलात. त्यांनी तुम्हाला आत येऊ दिलं नसतं, आणि त्यात त्यांचं काहीच चुकलं नसतं.