चिंटू
चिंटू : मराठीतील लोकप्रिय दैनिक चित्रमालिका. चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर यांची ही निर्मिती २१ नोव्हेंबर १९९१ पासून पुण्याच्या 'सकाळ'मध्ये प्रसिद्ध होऊ लागली. चिंटू, पप्पू, मिनी, बगळ्या, आई-पप्पा आणि शेजारच्या जोशीकाकू ही तिची मुख्य पात्रे. तीन-चार चौकटींत घरगुती प्रसंग रंगतो. सुरुवातीच्या चौकटी वाचकाची एक अपेक्षा तयार करतात. शेवटच्या चौकटीतले चिंटूचे साधेसरळ उत्तर ती मोडते. आईने अभ्यासाबद्दल विचारावे आणि त्याने तिचेच शब्द धरून तिला निरुत्तर करावे, अशी ही कोपरखळी. विनोद शाब्दिक कोटीपेक्षा मुलाच्या बिनतोड तर्कातून फुलतो, म्हणूनच तो निर्मळ व टिकाऊ ठरला. २०१२ मध्ये श्रीरंग गोडबोले यांनी या चित्रमालिकेवर चित्रपट केला.